पानिपतचे जर-तर : एका जुन्या प्रश्नाची पार्श्वभूमी

विश्वासरावांना गोळी लागली नसती तर? मराठी घरांत हा प्रश्न अडीचशे वर्षांहून अधिक काळ विचारला जातो आहे. १४ जानेवारी १७६१ च्या दुपारनंतर पेशव्यांचे वारस विश्वासराव पडले आणि पानिपतावर मराठे अफगाण बादशहा अब्दालीकडून हरले, ते टळू शकले असते का, हे जाणून घेतल्याशिवाय आपल्याला चैन पडत नाही. इतिहासाचे जाणकार मात्र असा विषय निघाला की हात झटकतात. आत्याबाईला मिशा असत्या तर तिला काका म्हटले असते, ही म्हण त्यांच्या मदतीला असतेच. ब्रिटिश इतिहासकार ई. एच. कार यांनीही १९६१ मध्ये अशा प्रश्नांना दिवाणखान्यातला खेळ ठरवले होते.

मला हे पटत नाही. पेशव्यांचे उत्तरेतले सरदार गोविंदपंत बुंदेले मारले गेले आणि पानिपतची रसद तुटली, असे जो लिहितो तो न बोलता हेही सांगतोच की पंत जगले असते तर रसद चालू राहिली असती. कारण सांगायचे म्हटले की जर-तर त्याच्या मागोमाग येतेच. तेव्हा जर-तर करावे की नाही, यावर वाद घालण्यात अर्थ नाही. कोणते जर-तर धरायचे आणि कोणते सोडायचे, हे ठरवायला हवे. माझ्या मते कसोटी एकच: तो पर्याय त्या वेळी त्या माणसांच्या समोर खरोखर होता का?

हा प्रश्न इतिहासलेखनाइतकाच जुना आहे. हिरोडोटस आपल्या ग्रंथाच्या सातव्या खंडात विचारतो, अथेन्सच्या लोकांनी इराणी बादशहाला शरण जायचे ठरवले असते तर? त्याचे उत्तर असे की समुद्रावर इराण्यांना अडवणारे कोणीच उरले नसते आणि मग स्पार्टाने जमिनीवर कितीही तटबंदी उभारली असती तरी ती वाया गेली असती. यात कल्पनेची भरारी नाही. अथेन्सपुढे शरणागतीचा पर्याय खरोखरच होता, म्हणून या तर्काला वजन आहे. रोमचा लिव्ही मात्र वेगळ्या वाटेने गेला. अलेक्झांडर लवकर मेला नसता आणि इटलीवर चालून आला असता तर, या प्रश्नावर त्याने बराच मजकूर खर्ची घातला आणि रोमच जिंकले असते असा निकाल दिला. अलेक्झांडर एकटा, रोमकडे सेनापतींची रांग, असा त्याचा युक्तिवाद. तो वाचताना रोमन माणसाचा अभिमान जास्त जाणवतो. आपल्या मराठी जर-तरांतही हा दोष पुष्कळ आढळतो.

एकोणिसाव्या शतकात युरोपात या प्रश्नाने कादंबरीचे रूप घेतले. १८३६ मध्ये फ्रान्समध्ये नेपोलियनने सारे जग जिंकल्याची कल्पित कहाणी छापली गेली. १९३१ मध्ये इंग्लंडमध्ये अशा निबंधांचा संग्रह निघाला आणि त्यात चर्चिल यांनीही अमेरिकेच्या यादवी युद्धावर लिहिले. त्याआधी, १८२० च्या दशकात, प्रशियाच्या सैन्याने नकाशावर ठोकळे मांडून लढाया खेळायला सुरुवात केली होती. तिथे जर-तर हा अधिकाऱ्यांच्या शिक्षणाचाच भाग झाला.

पानिपतचे पहिले जर-तर मात्र कुणी लेखणीने लिहिले नाही. ते लोकांनी जगून दाखवले. मराठी फौजेचे सेनापती सदाशिवरावभाऊ यांचे प्रेत मिळाले, त्यावर अंत्यसंस्कार झाले, असे कागद सांगत होते, तरी पुष्कळांना ते खरे वाटले नाही. भाऊंच्या पत्नी पार्वतीबाईंनी आपण विधवा झालो हे कधी मानलेच नाही. मग भाऊंचा तोतया आला. माधवरावांच्या काळात त्याची चौकशी होऊन तो कैदेत पडला, पण १७७६ मध्ये कैदेतून सुटताच कोकणात त्याच्याभोवती माणसे जमली आणि किल्ले त्याच्या हाती आले. त्याच वर्षी त्याला देहदंड झाला. भाऊ जिवंत असते तर, ही आशा पंधरा वर्षांनंतरही बंड उभे करण्याइतकी जिवंत होती. नाना फडणीसांच्या कारभाराला तिचा बंदोबस्त करावा लागला, यावरून तिची ताकद कळते.

बखरींनी हा प्रश्न दोषाच्या भाषेत मांडला. भाऊंनी सूरजमल जाटाचे आणि मल्हारराव होळकरांचे ऐकले असते, बायकामुले आणि जड सामान मागे सुरक्षित ठेवले असते, जुन्या गनिमी पद्धतीने शत्रूला हैराण केले असते, तर... पुढे वि. का. राजवाड्यांनी १८९८ मध्ये मराठ्यांच्या इतिहासाच्या साधनांचा पहिला खंड काढला आणि पानिपतच्या काळातली पत्रे वाचकांसमोर आली. तेव्हापासून वादाला कागदाचा आधार मिळाला. राजवाड्यांचा रोख गोविंदपंत आणि मल्हाररावांवर होता. त्र्यं. शं. शेजवलकरांनी भाऊंच्या बाजूने सारा पुरावा पुन्हा तपासला. गो. स. सरदेसायांचे म्हणणे आणखी वेगळे, त्यांच्या मते या पराभवाने कशाचाच निकाल लागला नव्हता. आणि जयंत नारळीकरांनी ‘गंगाधरपंतांचे पानिपत’ या कथेत गोळी विश्वासरावांच्या अगदी जवळून निघून गेलेले दुसरे जग उभे केले आणि त्याला पुंजभौतिकीचा आधार दिला. मराठी वाचकाच्या मनातली ती जुनी जखम विज्ञानकथेत इतक्या नेमकेपणाने क्वचितच उमटली असेल.

पण कसोटी लावली तर गोळीचे जर-तर सगळ्यांत कमकुवत निघते. विश्वासराव पडले तोवर दुपार कलली होती. अब्दालीने राखून ठेवलेली ताज्या दमाची फौज आणि उंटांवरच्या जंबुरका म्हणजे छोट्या तोफा मैदानात उतरवल्या होत्या. आमची माणसे आणि घोडी कित्येक दिवसांची उपाशी होती. त्या दिवशीचा बेतच मुळी गोल बांधून, बुणग्यांना, म्हणजे न लढणाऱ्या माणसांना, मध्ये घेऊन, लढत लढत बाहेर पडण्याचा होता. शेजवलकरांनी दाखवल्याप्रमाणे विंचूरकर आणि गायकवाड यांची पथके रोहिल्यांवर तुटून पडली आणि तो गोल फुटला. इब्राहिमखान गारद्याच्या तोफांनी सकाळी केलेली कामगिरी त्यामुळे वाया गेली. सेनापतींचा पुतण्या, ज्याच्या नावाने मोहीम निघाली तो पेशव्यांचा वारस, पडल्याने धीर खचला हे खरेच. पण तो धीर तोवर पोटाच्या आगीत अर्धा जळून गेला होता.

खरा फाटा अडीच महिने आधी लागला होता. ऑक्टोबर १७६० मध्ये भाऊ दिल्लीहून उत्तरेला कुंजपुऱ्यावर गेले. धान्य आणि पैसा हवा होता, आणि पैशाची निकड किती होती ते यावरून कळेल की दिल्लीच्या दिवाण-ए-खासचे चांदीचे छत उतरवून त्याची सुमारे ९ लाखांची नाणी पाडावी लागली. कुंजपुरा पडला, धान्य मिळाले. यमुनेला पाणी चढलेले, अब्दाली पलीकडे दुआबात, म्हणजे गंगा-यमुनेच्या मधल्या मुलखात, अडकलेला. मग ऑक्टोबरच्या अखेरीस त्याने बागपतजवळ नदी ओलांडली. माणसे वाहून गेली, तरी फौज अलीकडे आली. त्या घाटावर त्याला अडवायला मोठी फौज असती तर? हा पर्याय भाऊंच्या हातातला होता. एकदा अब्दाली भाऊ आणि दिल्लीच्या मध्ये येऊन बसला की दक्षिणेची वाट बंद झाली. तरीही डिसेंबरपर्यंत गोविंदपंत दुआबात अब्दालीचीच रसद मारत होते. ते मारले गेले आणि उपासमारीचे पारडे आमच्याकडे झुकले.

दुसरा खरा पर्याय तहाचा. अयोध्येचा नवाब शुजाउद्दौला याच्या पदरी असलेल्या काशीराज पंडितांनी लिहून ठेवले आहे की छावणीत असताना भाऊंनी शुजामार्फत बोलणी चालवली होती. अब्दालीला परत जायचेच होते. हा तह होऊ नये म्हणून आडवा पडला तो नजीबखान रोहिला, कारण अब्दाली गेला की मराठ्यांच्या तोंडी तोच सापडणार होता. नजीबचे वजन थोडे कमी पडले असते तर पानिपतची लढाई झालीच नसती. मला पानिपतच्या साऱ्या जर-तरांत हे सर्वांत जड वाटते, आणि त्याच्याबद्दल आपण सर्वांत कमी बोलतो. तहात पराक्रम दिसत नाही, एवढेच त्याचे कारण असावे.

जिंकलो असतो तर पुढे काय, हेही प्रामाणिकपणे पाहिले पाहिजे. अटकेपार झेंडे गेले ते १७५८ मध्ये, पण पंजाब टिकवता आला नव्हता. तिथे शिखांची ताकद वाढत होती आणि १७६५ मध्ये लाहोर त्यांनी घेतले. विजयी मराठ्यांची गाठ मग त्यांच्याशी पडली असती. इकडे पानिपतच्या त्याच आठवड्यात इंग्रजांनी दक्षिणेत फ्रेंचांची पाँडिचेरी घेतली आणि बिहारमध्ये मोगल बादशहा शाहआलमचा पराभव केला. पानिपतात काहीही झाले असते तरी या दोन गोष्टी घडल्याच असत्या.

आणि विश्वासराव वाचले असते, तर नानासाहेबांनंतर पेशवाईची वस्त्रे त्यांना मिळाली असती. म्हणजे माधवराव पेशवे झाले नसते! सोळाव्या वर्षी गादीवर आलेल्या, राक्षसभुवनावर निजामाला हरवणाऱ्या, हैदरवर वचक बसवणाऱ्या त्या मुलाला वाट मिळाली ती त्या गोळीमुळे. आपल्या दोन लाडक्या इच्छा, विश्वासराव जगावेत आणि माधवरावही पेशवे व्हावेत, एकाच इतिहासात बसत नाहीत.

माधवराव १८ नोव्हेंबर १७७२ रोजी थेऊरला क्षयाने गेले, वय २७. पानिपतच्या मैदानानेही मराठी राज्याचे याहून अधिक नुकसान केले नाही, असे मराठ्यांचा इतिहास लिहिणाऱ्या ग्रँट डफने म्हटले आहे. इथले जर-तर पक्क्या जमिनीवर उभे आहे. १७६८ मध्ये धोडपला काका रघुनाथरावांना पकडून माधवरावांनी शनिवारवाड्यात नजरकैदेत ठेवले होते. माधवराव जगले असते तर रघुनाथराव मोकळे राहून १७७५ मध्ये सुरतेला इंग्रजांशी तह करू शकले नसते. माधवरावांनंतर पेशवे झालेले त्यांचे धाकटे भाऊ नारायणराव यांचा खून आणि त्यानंतरची बारभाईंची, म्हणजे नाना फडणीस वगैरे कारभाऱ्यांची, धावपळही टळली असती. पण बंगालची दिवाणी, म्हणजे महसूल वसुलीचा हक्क, इंग्रजांच्या कंपनीकडे १७६५ मध्येच गेली होती आणि तिथला महसूल दर साल तिच्या फौजेला पोसत होता. माधवराव आणखी पंचवीस वर्षे जगते तरी तो पैसा त्यांना तोडता आला असता का? त्यासाठी मराठी फौजा बंगालपर्यंत न्याव्या लागल्या असत्या, आणि नागपूरकर भोसले चौथाईवर समाधान मानून होते तोवर ते काम पुण्याहून होणे कठीण होते.