थायरॉईडची गाठ आणि 2016 चा फेरनिर्णय

ठाणे, ऐरोली, पनवेलकडच्या लॅबमधून थायरॉईडच्या गाठीचा रिपोर्ट आला आणि दुसऱ्या मतासाठी रुग्ण खारघरला किंवा परळला टाटा कॅन्सर रुग्णालयात गेला की कागदासोबत स्लाइड्स आणि गाठीचे तुकडे बसवलेले मेणाचे ब्लॉकही मागतात. सगळ्याच गाठींच्या बाबतीत हे होते. पण थायरॉईडच्या एका प्रकारात ब्लॉक किती केले, यावरच गाठ कॅन्सरची की नाही हे ठरते.

एकोणिसाव्या शतकात गाठ सूक्ष्मदर्शकाखाली पाहिली जाऊ लागली. त्या शतकाच्या शेवटच्या दशकात फॉर्मालिन, म्हणजे नमुना कुजू न देणारे द्रव, वापरात आले. 1976 साली गाठींच्या आंतरराष्ट्रीय सांकेतिक यादीत वागणुकीचा आकडा आला: साध्या गाठीला 0, जागच्या जागी असलेल्या कॅन्सरला 2, आजूबाजूला घुसणाऱ्याला 3. मधला 1 म्हणजे वागणूक अनिश्चित. भांडणे बहुतेक या 1 वरूनच होतात.

थायरॉईडमध्ये पूर्ण वेष्टण असलेली एक गाठ मिळते. तिच्या पेशींची केंद्रके पॅपिलरी कॅन्सरसारखी (थायरॉईड कॅन्सरचा एक प्रकार) दिसतात, मात्र गाठ वेष्टणाबाहेर पडलेली नसते. केंद्रकांवरून तिला कित्येक वर्षे कॅन्सरच म्हटले गेले. मग अनेकांची पूर्ण ग्रंथी काढली गेली, वर रेडिओआयोडीन (किरणोत्सारी आयोडीनचा उपचार) आणि जन्मभर गोळी. 2016 साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात 7 देशांतल्या 24 पॅथॉलॉजिस्टनी अशा 109 रुग्णांच्या स्लाइड्स पुन्हा पाहिल्या. 10 ते 26 वर्षांच्या पाठपुराव्यात एकालाही आजार उलटला नव्हता, आणि रेडिओआयोडीन तर यांपैकी कोणालाच दिलेले नव्हते. ज्यांची गाठ वेष्टण फोडून गेली होती अशा 101 जणांत मात्र 12 जणांना त्रास झाला. गटाने पहिल्या, वेष्टणातच राहणाऱ्या प्रकाराच्या नावातून ‘कार्सिनोमा’ (कॅन्सर) हा शब्द काढून टाकला. 2017 च्या जागतिक वर्गीकरणात हा प्रकार 1 या आकड्यावर बसला.

विरोध झालाच. नाव बदलल्यावर काही रुग्णालयांनी मानेच्या लसिकाग्रंथींत पसरलेली तुरळक उदाहरणे पुढे आणली. 2018 मध्ये निकष आवळले गेले: आधी एक टक्क्यापर्यंत चालणारी पॅपिलरी (बोटांसारखी) रचना अजिबात चालणार नाही असे तेव्हा ठरले. आशियात हा प्रकार पाश्चात्त्य देशांपेक्षा बराच कमी सापडतो, त्यामुळे आपल्याकडे हा वाद फुगवलेला आहे असे म्हणणारेही आहेत. ते पटत नाही. संख्या कमी असली तरी चुकीची किंमत पूर्ण ग्रंथी हीच असते.

खरी अडचण लॅबच्या टेबलावर येते. घुसखोरी नाही असे म्हणायचे तर वेष्टण सगळेच्या सगळे कापून पाहावे लागते. 3 सें.मी.च्या गाठीचे दहाच्या वर ब्लॉक सहज होतात. तीन-चार तुकडे घेऊन ‘घुसखोरी आढळली नाही’ असे लिहिता येते, पण त्या आधारावर ‘कार्सिनोमा’ नसलेले हे नवे निदान देता येत नाही. नमुना 10 टक्के बफर्ड फॉर्मालिनमध्ये, निदान दहापट द्रवात बुडालेला हवा. फॉर्मालिन तासाला साधारण एक मिलिमीटर आत जाते. अख्खी ग्रंथी छोट्या बाटलीत कोंबून उन्हाळ्यात दिवसभर फिरली की मधला भाग कुजतो, आणि निदान ज्या केंद्रकांवर उभे आहे तीच नीट वाचता येत नाहीत. ऑपरेशन थिएटरमध्ये कुतूहलापोटी गाठ उभी चिरली तर वेष्टणाची कड उलटते, कडा ओळखायला लावलेली शाई चिरेत उतरते आणि नसलेली घुसखोरी दिसू लागते. आधी झालेल्या एफएनएसीच्या (बारीक सुईने पेशी काढून केलेल्या तपासणीच्या) सुईची वाटही वेष्टणात तशीच फसवी खूण ठेवते, म्हणून फॉर्मवर एफएनएसीची तारीख लिहावी. उलट, एफएनएसीवरून या गाठीचा निकाल लागतच नाही. सुईने पेशी येतात, वेष्टण येत नाही.

नावाचा परिणाम विम्यावरही होतो. गंभीर आजारांच्या पॉलिसीत कॅन्सरची जी ठरलेली व्याख्या आहे, तिच्यातून साध्या, सीमारेषेवरच्या, अनिश्चित वागणुकीच्या आणि घुसखोरी नसलेल्या गाठी वगळलेल्या आहेत. त्यामुळे उपचार कमी झाले की दावाही जातो. हा हिशेब रुग्णाला ऑपरेशनच्या आधी कोणी सांगत नाही.

घुसखोरी नसल्याचे हे नवे निदान पक्के झाले की अर्धी ग्रंथी काढणे सहसा पुरते आणि रेडिओआयोडीन लागत नाही; तपासण्या मात्र चालू ठेवायच्या. 2016 पूर्वीचा जुना रिपोर्ट फेरतपासायचा असेल तर आधी त्यातले ग्रॉस वर्णन, म्हणजे नमुना नुसत्या डोळ्यांना कसा दिसला आणि त्याचे किती तुकडे घेतले याची नोंद, वाचावे. वेष्टण पूर्ण घेतल्याची नोंद असेल तर ब्लॉक मागवण्यात अर्थ आहे. मोजकेच तुकडे घेतले असतील आणि उरलेला नमुना टाकून दिला असेल, तर जुने निदान बदलता येत नाही.