मारिओतला ‘आर’ कुठे गेला?

दिवाळीच्या आवराआवरीत माळ्यावरून जुना व्हिडिओ गेम निघाला. नव्वदच्या दशकात घराघरांत होता तसलाच: जपानी ‘फॅमिकॉम’ची स्वस्तातली नक्कल, सोबत दोन रिमोट, एक बंदूक आणि चार कॅसेटी. भाच्याला कौतुकानं टीव्हीला जोडून दिला. चित्र आलं, संगीतही वाजलं, पण दोन मिनिटांत तो म्हणाला, “मामा, ह्याचं नाव माकिओ का लिहिलंय?”

बघतो तर खरंच. वरच्या कोपऱ्यात एम, ए, क्यू, आय, ओ. ‘वर्ल्ड १-१’च्या जागी ‘० - ०’. विटांची आणि ढगांचीही मोडतोड झालेली. खेळ मात्र बिनबोभाट चालू होता. मारिओ उड्या मारत होता, नाणी मिळत होती.

लहानपणी अशा वेळी एकच उपाय ठाऊक होता. कॅसेट उपसायची, फुंकर मारायची, पुन्हा खुपसायची. पण पडद्यावरचा घोळ नीट वाचला, तर कुठली तार रुसली आहे इथपर्यंत पोहोचता येतं. त्यासाठी आधी हे यंत्र चित्र कसं काढतं ते बघू.

फॅमिकॉम १९८३ साली जपानमध्ये आला. त्याचा पडदा २५६ बाय २४० ठिपक्यांचा. एका वेळी चार रंगांच्या हिशेबानं असा पूर्ण पडदा साठवायला १५,३६० बाइट लागतात, आणि तेव्हा मेमरी महाग होती. म्हणून जुन्या छापखान्याची युक्ती वापरली. पडद्याचे आठ बाय आठ ठिपक्यांचे ९६० चौकोन पाडायचे आणि प्रत्येक चौकोनात एक तयार ‘खिळा’, म्हणजे चित्राचा ठसा, बसवायचा. खिळ्यांची पेटी कॅसेटमध्ये. यंत्राच्या पोटातल्या २ किलोबाइट मेमरीत फक्त यादी: या जागी कितव्या नंबरचा खिळा. चित्र काढणारी चिप ती यादी वाचते आणि कॅसेटकडून एकेक खिळा मागून घेते, सेकंदाला ५०-६० वेळा, सगळा पडदा नव्यानं.

मारिओच्या कॅसेटमध्ये ५१२ खिळे आहेत, प्रत्येकी १६ बाइटचे, म्हणजे एकूण ८,१९२ बाइट. त्यातला नेमका एक बाइट मागायला १३ तारा लागतात. सर्वांत वरची तार सांगते दोन पेट्यांपैकी (एक पार्श्वभूमीची, एक पात्रांची) कोणती. त्याखालच्या आठ तारा खिळ्याचा नंबर देतात. एक तार रंगाच्या दोन थरांपैकी कुठला ते ठरवते. आणि शेवटच्या तीन तारा खिळ्यातली ओळ सांगतात. प्रत्येक तार कॅसेटच्या एकेका पिनेतून जाते. पिनेवर मळ बसला की ती तार मुकी होते, आणि कुठली मुकी झाली त्यावर पडद्यावरचा घोळ ठरतो.

आता ‘आर’कडे वळू. मारिओच्या पार्श्वभूमीच्या पेटीत ० ते ९ हे अंक ० ते ९ याच नंबरांवर बसवले आहेत आणि लगेच १० पासून इंग्रजी अक्षरं सुरू होतात. ए १०, बी ११, असं करत एम २२, क्यू २६, आर २७. समजा खिळ्याच्या नंबरातली सर्वांत धाकटी तार, म्हणजे सम-विषम ठरवणारी, कायम शून्य वाचू लागली. मग विषम नंबर मागितला तरी त्याच्या आधीचा सम नंबर हातात पडतो. २७ मागा, २६ येतो: आरचा क्यू. एम, ए, आय, ओ या चौघांचे नंबर समच, त्यामुळे त्यांना धक्काही लागत नाही. १ चा ० होतो. तीच तार उलट कायम एक वाचू लागली असती, तर ‘आर’ शाबूत राहिला असता आणि नाव एन, बी, आर, जे, पी असं काहीतरी झालं असतं! मोकळी सुटलेली तार शून्याकडे झुकेल की एककडे, हा नशिबाचा भाग.

बाकीच्या तारांच्याही अशाच खुणा आहेत. थराची तार गेली तर दोन्ही थर सारखेच वाचले जातात आणि चारपैकी मधले दोन रंग गायब होतात. पेटी निवडणारी तार गेली की पार्श्वभूमीचे खिळे पात्रांच्या पेटीतून येतात आणि आकाशात मारिओचे हातपाय विखुरतात. हा माझा सर्वांत आवडता बिघाड. पत्त्याची नव्हे, माहिती परत आणणाऱ्या आठ तारांपैकी एखादी गेली, तर दर आठ ठिपक्यांवर वरपासून खालपर्यंत उभी रेघ दिसते, कारण त्यातली प्रत्येक तार चौकोनातल्या एकेका उभ्या रांगेची मालकीण.

पार्श्वभूमीचा चुथडा आणि मारिओ मात्र ठणठणीत, असं दिसलं तर संशय कॅसेटपेक्षा यंत्रातल्या यादीच्या मेमरीवर घ्यावा. पात्रांची यादी चित्राच्या चिपमध्येच वेगळी असते, ती त्या मेमरीच्या भरवशावर नाही. आणि पडदा एकाच सपाट रंगाचा, आवाजही नाही, तर खेळाचा हुकूमनामा, म्हणजे प्रोग्रामच, वाचला जात नाहीये. तो कॅसेटमधल्या दुसऱ्या चिपमध्ये, दुसऱ्या पिनांवर असतो.

म्हणून माझा पहिला प्रश्न नेहमी एकच: घोळ चौकोनांत बसतो का? बसत असेल तर कॅसेट नाहीतर यंत्रातला बोर्ड. दुसरी कॅसेट लावली की त्या दोघांतला निवाडाही होतो. चौकोनांशी काही देणंघेणं नसेल, म्हणजे चित्र वाकडं होतंय, मुंग्या येतायत, वर सरकतंय, तर दोष चित्राच्या टीव्हीपर्यंतच्या पुढच्या प्रवासात. आडवे जाड पट्टे हळूहळू सरकत असतील तर बहुधा अ‍ॅडॉप्टर. आपली वीज ५० हर्ट्झची, पूर्ण लहर सरळ केल्यावर तिची गुरगुर १०० हर्ट्झची होते. सेकंदाला ५० वेळा रंगणाऱ्या पडद्यावर तिचे दोन पट्टे उमटतात. ही गुरगुर शमवणारा आतला कपॅसिटर सुकला की ते दिसू लागतात. थेट जपानहून आणलेलं यंत्र आपल्या जुन्या टीव्हीवर काळंपांढरं दिसतं, कारण तिथली रंगाची पद्धत एनटीएससी, आपली पाल. तो बिघाड नव्हे. अ‍ॅडॉप्टर बदलताना मात्र जपून: अस्सल फॅमिकॉमच्या पिनेत ऋण टोक मध्ये असतं, आणि त्याच्या अमेरिकी भावाचा (एनईएस) अ‍ॅडॉप्टर तर एसी वीज देतो. तो फॅमिकॉमला लावला की यंत्र कायमचं गेलं समजा.

आणि फुंकर? ती लागू पडायची, कारण प्रत्येक वेळी कॅसेट काढून घातली जायची आणि त्या घासण्यानं पिना थोड्या साफ व्हायच्या. तोंडातली वाफ उलट धातूला गंज चढवते. खोडरबरही मी हल्ली टाळतो; पिनेवरचा मुलामा पातळ असतो, मळासोबत तोही निघतो. आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये बुडवलेला कापसाचा बोळा पिनांवर फिरवला. पहिला काळा झाला, दुसरा राखाडी, तिसरा जवळजवळ स्वच्छ. दहा मिनिटं वाळू दिलं आणि कॅसेट बसवली. ‘आर’ परत आला.

मग भाच्यानं बदकांच्या शिकारीचा खेळ लावून बंदूक उचलली. एकही बदक पडेना. तो पुन्हा माझ्याकडे बघू लागला, पण इथे साफ करण्यासारखं काही नव्हतं. चाप ओढला की पडदा क्षणभर काळा होतो, मग बदकाच्या जागी पांढरा चौकोन चमकतो आणि बंदुकीतला डोळा तो त्याच क्षणी शोधतो. जुन्या काचेच्या टीव्हीवर तो उजेड जागच्या जागी मिळायचा. सपाट टीव्ही चित्र आधी पोटात घेतो, मोठं करतो, मग दाखवतो. तोवर बंदुकीनं ‘नेम चुकला’ असा निकाल देऊन टाकलेला असतो.