ड्रॉगर : व्हायकिंग हॉरर कॉमिक्समधलं चालतं प्रेत

ड्रॉगर म्हणजे मेलेला, पण निघून न गेलेला माणूस. व्हायकिंग थीमचं एखादं फॅन्टसी हॉरर कॉमिक उघडलं की बर्फातून चालत येणारी निळी-काळी प्रेतं दिसतात ना, ती हीच, आणि त्यांचं मूळ आइसलँडच्या सागांमध्ये आहे. सागा म्हणजे मुख्यतः १३व्या-१४व्या शतकात लिहून काढलेल्या गद्य कथा. त्यात साधारण ८७० ते १०३० या काळातल्या शेतकरी घराण्यांची भांडणं, खून, कोर्टकज्जे असं सगळं असतं, एकदम वास्तववादी, आणि त्यातच मध्ये कुठेतरी एखादं प्रेत उठून चालायला लागतं आणि लिहिणारा तेही तितक्याच थंडपणे सांगून पुढे जातो.

मुख्य गोष्ट ही की ड्रॉगर हा आत्मा नाही, शरीर आहे. भिंतीतून आरपार जाणं वगैरे त्याला जमत नाही, तो दार मोडून आत येतो. आपल्याकडचा वेताळ दुसऱ्याच्या प्रेतात शिरतो, ड्रॉगर मात्र स्वतःच्याच प्रेतात राहून जातो, म्हणून तो ओळखीचा असतो, गावातलाच कुणीतरी, कधी शेजारी तर कधी चक्क बाप. मेल्यावर तो फुगतो, काळानिळा पडतो, इतका जड होतो की उचलता उचलत नाही, आणि ताकद जिवंतपणी होती त्याच्या कितीतरी पट. गुरं मारतो, मेंढपाळांची हाडं मोडतो, रात्री घराच्या छपरावर बसून टाचा आपटतो. तिथली घरं गवताच्या ढेपांनी शाकारलेली असायची, तरी आत झोपलेल्यांना वर काय चाललंय ते ऐकू यायचं.

काही ड्रॉगर आपल्या थडग्याच्या टेकाडातच बसून खजिना राखतात, बाहेर येत नाहीत. गेममध्ये आणि कॉमिक्समध्ये जास्त करून हेच दिसतात कारण तलवार घेऊन आत घुसणारा हिरो दाखवायला ते सोपं पडतं. पण खरी भीती दुसऱ्या प्रकारात आहे, जो घरी परत येतो त्याच्यात.

परत का येतो याचं कारण बहुतेक वेळा स्वभावात असतं. हट्टी, भांडखोर, आपलं ते न सोडणारी माणसं मेल्यावरही सोडत नाहीत. लाक्सडाला सागातला ह्राप तर मरताना बायकोला सांगतो की मला घराच्या दारातच उभा पुरा, म्हणजे घरावर नजर ठेवता येईल, आणि मग अर्थातच त्या घरात कुणाला राहता येत नाही.

यावर उपायही ठरलेले होते. एयरबिग्या सागात थोरोल्फ नावाचा एक लंगडा, कजाग म्हातारा शेजाऱ्यापाजाऱ्यांशी आणि पोटच्या मुलाशी भांडून चिडलेल्या अवस्थेत खुर्चीत बसल्या बसल्याच मरतो. मुलगा आर्नकेल येतो तो समोरून येत नाही, पाठीमागून येतो, सगळ्यांना बजावतो की प्रेताचे डोळे मिटेपर्यंत कुणी त्याच्या पुढ्यात जायचं नाही. मग मागची भिंत फोडून प्रेत तिथून बाहेर काढतात, नेहमीच्या दारातून नाही, म्हणजे त्याला परतीची वाट सापडू नये. तरी तो येतोच. शेवटी जाळतात, तर राख लागलेले दगड एक गाय चाटते, तिला जो खोंड होतो तो मोठा होऊन मालकालाच मारतो. एवढी सगळी काळजी घेऊनही वाईटपणा कुठून तरी झिरपतोच, ही गोष्ट मला कुठल्याही रक्तपातापेक्षा जास्त भिववते.

सगळ्यात गाजलेला ड्रॉगर म्हणजे ग्रेट्टिर सागातला ग्लाम. हा स्वीडनचा माणूस, उत्तर आइसलँडमधल्या एका झपाटलेल्या शेतावर मेंढपाळ म्हणून कामाला लागतो. नाताळच्या आदल्या दिवशी उपास असतो पण हा जेवण मागतो, मालकीण नको नको म्हणते तरी दमदाटी करून खातो, बाहेर जातो, आणि मग सापडतो तो मेलेला, काळानिळा, बैलासारखा फुगलेला. प्रेत चर्चपर्यंत ओढून नेता येत नाही म्हणून तिथेच दगडांखाली पुरतात. झालं, तेव्हापासून तो हिंडायला लागतो आणि पुढच्या नाताळात नव्या मेंढपाळाची मान मोडतो.

ग्रेट्टिर हा त्या काळचा सगळ्यात ताकदवान माणूस, त्याला हौस की आपण याच्याशी झुंजायचं. तो अंगावर केसाळ घोंगडी घेऊन, पाय समोरच्या फळीला रोवून अंधारात पडून राहतो. ग्लाम येतो, डोकं छताला लागतंय इतका उंच, आणि ती घोंगडी ओढून बघतो. एकदा, दोनदा, तिसऱ्यांदा ग्रेट्टिर तिच्यासकट उठून बसतो आणि दोघांच्या ओढाओढीत घोंगडी मधोमध फाटते. मग कुस्ती, बाकं मोडतात, दाराची चौकट उखडते, दोघं बाहेर पडतात आणि नेमका तेव्हाच ढगाआडून चंद्र बाहेर येतो आणि ग्लामचे डोळे दिसतात. ग्रेट्टिर त्याचं मुंडकं उडवतो, प्रेत जाळतात, पण त्याआधी ग्लाम शाप देऊन जातो की तुझी ताकद आता यापुढे वाढणार नाही, तू परागंदा होशील आणि माझे हे डोळे कायम तुझ्यासमोर राहतील. पुढे हा एवढा मोठा पैलवान अंधाराला घाबरतो. एकटं राहवत नाही म्हणून सोबत माणसं ठेवावी लागतात आणि त्यातलेच काही त्याच्या जिवावर उठतात, द्राङ्गे बेटावर त्याचा शेवट होतो तेव्हाही आळशी नोकर शिडी वर ओढून घेत नाही म्हणून शत्रू वर येतात. लढाई जिंकून माणूस आतून संपतो असं हॉरर १४व्या शतकात लिहिलंय.

फ्रोदा नावाच्या शेतावरची गोष्ट (ही पण एयरबिग्यातलीच) याहून विचित्र आहे. थोरगुन्ना नावाची बाई मरताना सांगते माझं अंथरूण-पांघरूण जाळा, पण घरच्या बाईला त्या भारी चादरींचा मोह होतो, सगळं काही जाळत नाहीत. पुढे घरात मरणाची रांग लागते, ३० नोकरमाणसांपैकी १८ मरतात, ५ पळून जातात. घरधनी बुडून मरतो आणि स्वतःच्याच श्राद्धाच्या जेवणाला ओलाचिंब येतो, रोज संध्याकाळी तो आणि त्याच्यासोबत बुडालेली माणसं शेकोटीपाशी येऊन बसतात, दुसरीकडून पुरलेले येतात ते कपड्यांची माती झटकत, आणि जिवंत लोकांना वेगळी शेकोटी पेटवावी लागते. उपाय काय, तर दारात रीतसर कोर्ट भरवतात, साक्षीपुरावे होतात आणि मेलेल्यांवर बेकायदा घरात घुसल्याचा खटला चालतो. एकेकाचा निकाल लागतो तसा तो उठून काहीतरी बोलून निघून जातो, एकजण म्हणतो बसता आलं तोवर बसलो. चादरी जाळतात, पाद्री पवित्र पाणी शिंपडतो, मग कुठे शांत होतं. आणि सगळे ड्रॉगर दुष्टच असतात असंही नाही, याच थोरगुन्नाचं प्रेत नेताना वाटेतला एक घरमालक माणसांना जेवायला देत नाही तर ती रात्री उठून त्यांच्यासाठी स्वयंपाक करते.

आता कॉमिक्सकडे. अमेरिकन कॉमिक्समध्ये नॉर्स म्हटलं की आधी देव आले, मार्व्हलचा थॉर १९६२ मध्ये. व्हर्टिगो प्रकाशनाच्या 'नॉर्थलँडर्स'ने (२००७ ते २०१२, ५० अंक) व्हायकिंग माणसं दाखवली पण भुतंखेतं बाजूला ठेवून. ड्रॉगरला मध्यभागी आणलं ते ओनी प्रेसच्या 'हेल्हाइम'ने, २०१३ मध्ये. लेखन कलन बन, चित्रं जोएल जोन्स, रंग निक फिलार्डी. यात रिकार्ड नावाचा योद्धा दोन चेटकिणींच्या भांडणात सापडून मरतो आणि त्याला पुन्हा उभं केलं जातं ते हत्यार म्हणून. म्हणजे सागांमध्ये जो दाराबाहेर असतो तो इथे हिरो झाला. माझ्या मते मालिकेचं खरं यश तेच आहे, सागातला ड्रॉगर स्वतःच्या हट्टाने परत येतो, रिकार्डला दुसऱ्याच्या हट्टासाठी यावं लागतं, आणि जोन्सच्या चित्रांत त्या अवाढव्य देहाचं वजन पानापानावर जाणवतं. फक्त घर, शेकोटी, शेजारी हा सागांचा भाग मारामारीत मागे पडलाय, तो असता तर मजा आली असती. याचा पुढचा भाग 'ब्राइड्स ऑफ हेल्हाइम' २०१४ मध्ये सुरू झाला.

गेम खेळणाऱ्यांना ड्रॉगर 'स्कायरिम' (२०११) आणि 'गॉड ऑफ वॉर' (२०१८) मुळे माहीत असतो. नॉर्वेच्या किनाऱ्यावर मात्र हेच नाव नंतर समुद्रात बुडालेल्या कोळ्याच्या भुताला चिकटलं, तो अर्ध्या होडीतून येतो आणि दिसला की मरण जवळ आलं समजतात. तिथल्या समुद्रातल्या एका तेलक्षेत्राला त्याचंच नाव आहे, द्रॉगेन, १९९३ पासून तिथून तेल निघतंय.