साचा उघडायचा केव्हा?

‘सॉफ्टवेअरला पेटंट मिळत नाही’ हे वाक्य आपल्याकडे विद्यार्थ्यांपासून प्राध्यापकांपर्यंत सगळेच बिनदिक्कत फेकतात. ते अर्धंच खरं आहे. उरलेलं अर्धं समजायला रबराच्या कारखान्यात शिरावं लागतं.

कच्च्या रबराचे लांबलचक रेणू एकमेकांवरून घसरतात. गंधक घालून तापवलं की या साखळ्यांमध्ये गंधकाचे पूल तयार होतात, हेच व्हल्कनायझेशन. पूल कमी पडले तर रबर लिबलिबीत राहतं, फार वेळ तापलं तर बिघडतं. वेग ठरवतं तापमान. अभिक्रियेसाठी रेणूंना ऊर्जेचा एक उंबरठा ओलांडावा लागतो आणि तो ओलांडू शकणाऱ्यांचं प्रमाण तापमानाबरोबर घातांकी वाढतं. स्वीडनच्या स्वांते अऱ्हेनियस यांनी १८८९ मध्ये हे समीकरणात बसवलं. वेगाचा लॉगरिदम आणि निरपेक्ष तापमानाचा व्यस्त यांचा आलेख काढा, सरळ रेषा येते. तिच्या उतारातून तो उंबरठा किती उंच ते कळतं. १५० अंश सेल्सिअसच्या आसपास दहा अंश वाढले की वेग जवळपास दुप्पट होतो! पण माल भरताना प्रेस, म्हणजे साच्यातलं रबर दाबून तापवणारं यंत्र, उघडा राहतो आणि निवतो, तोही दर वेळी कमीजास्त. कामगार मात्र कुकरच्या शिट्ट्या मोजाव्यात तशी ठरावीक वेळ धरून चालत.

जेम्स डीर आणि थिओडोर लटन यांच्या पद्धतीत साच्यातलं तापमान सतत मोजलं जाई, संगणक समीकरण पुन्हापुन्हा सोडवी आणि वेळ भरली की प्रेस आपोआप उघडे. १९७५ चा हा अर्ज अमेरिकेच्या पेटंट कार्यालयाने नाकारला. १९८१ मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने ५ विरुद्ध ४ मतांनी डीर आणि लटन यांच्या बाजूने कौल दिला. समीकरणावर मालकी कुणाचीच नाही, पण ते वापरून रबर पक्कं करण्याच्या प्रक्रियेला पेटंट मिळू शकतं. तीन वर्षं आधी त्याच न्यायालयात फ्लूक नावाच्या अर्जदाराच्या खटल्यात अर्ज फेटाळला गेला होता, कारण तिथे हिशेबाअखेर हाती येत होता फक्त धोक्याचा इशारा कुठल्या पातळीला द्यायचा याचा नवा आकडा.

 

भारतात पेटंट कायद्याचं कलम ३(के) नुसत्या प्रोग्रॅमला आणि अल्गोरिदमला (हिशेबाच्या ठरावीक पायऱ्यांना) पेटंटबाहेर ठेवतं. पण प्रोग्रॅम आहे एवढ्यावरून अर्ज उडवू नका, तांत्रिक परिणाम तपासा, असं दिल्ली उच्च न्यायालयाने २०१९ मध्ये बजावलं. त्यामुळे बॅटरीचं तापमान पाहून चार्जिंग बदलणारी प्रणाली केली असेल, तर अर्जातली पानं सेन्सर, विद्युतप्रवाह आणि बॅटरीत घडणाऱ्या बदलांवर खर्च करावीत. कोड किती हुशार आहे यावर नव्हे.