एलेना निवाऱ्यापासून ग्राँ कोल फेरे खिंडीपर्यंत : आमच्या ट्रेकर्ससाठी माहितीपत्रक

आल्प्समधल्या मों ब्लाँ पर्वताच्या प्रदक्षिणेत इटलीतून स्वित्झर्लंडमध्ये जाण्याचा दिवस या खिंडीचा. आदल्या रात्री मुक्काम वाल फेरे दरीच्या माथ्यावरच्या रिफ्युजिओ एलेनात, 2062 मीटरवर. म्हणजे कळसूबाईच्या माथ्यापेक्षा चारशे मीटर उंचीवर आपण झोपणार. सकाळी 2537 मीटरच्या ग्राँ कोल फेरेवर चढायचं आणि पलीकडे ला फुली गावात, साधारण 1600 मीटरवर, उतरायचं. चाल एकूण 12-13 किलोमीटर.

चढाई पावणेपाचशे मीटरची आहे. आतकरवाडीतून सिंहगड नेमाने चढणाऱ्याला ती जड जात नाही. तरीही या दिवसाला आम्ही हलकं समजत नाही, कारण इथे दमवतो तो माथ्यावरचा वारा आणि त्यानंतरचा नऊशे मीटरहून जास्त उतार. या पत्रकातलं बरंचसं त्या दोन गोष्टींबद्दलच आहे.

आदली संध्याकाळ

निवाऱ्यात शिरताच बूट दाराजवळच्या मांडणीत ठेवायचे, आत सपाता. काठ्याही तिथेच. सगळ्यांचे बूट सारखेच दिसतात, म्हणून तुमच्या नाड्यांना रंगीत दोरा बांधून आणा. सकाळी दुसऱ्याचे बूट घालून कोणी निघून गेलं तर त्या दिवसाचा ट्रेक तिथेच संपतो.

पलंगावर उशी-पांघरूण मिळतं, पण आत घालायची पातळ पिशवी-चादर स्वतःचीच हवी. रेशमी घेतली तर जेमतेम दीडशे ग्रॅम भरते. दहाला दिवे बंद होतात. सॅक त्याआधी भरून ठेवा, पहाटे प्लास्टिकच्या पिशव्यांचा खुळखुळाट अख्ख्या खोलीला उठवतो.

जेवण एकाच वेळी, सगळ्यांना एकत्र. शाकाहारी मंडळींची नोंद आम्ही आरक्षणासोबत देतो, तरी पोहोचल्यावर पुन्हा सांगतो. सूप भाजीचं दिसलं तरी त्यातलं पाणी मांसाचं असू शकतं. शिवाय पार्मेझानसारख्या चीजमध्ये वासराच्या जठरातलं विरजण वापरतात. ज्यांना ते चालत नाही त्यांनी आम्हाला निघण्यापूर्वीच कळवावं, म्हणजे चीज वेगळं ठेवायला सांगता येतं. मक्याच्या पिठाचा पोलेन्ता आपल्या लोकांना बहुधा रुचतो. दुपारचा डबा हवा असेल तर रात्रीच्या जेवणाआधी सांगावा लागतो.

घरून चिक्की, खाकरे, राजगिऱ्याचे लाडू जरूर आणा. पेढे, बर्फी, तूप नको: युरोपीय संघात बाहेरच्या देशांतून दुधाचे आणि मांसाचे पदार्थ आणायला बंदी आहे.

निघण्याची वेळ

सातला चालायला लागायचं. नऊपर्यंत खिंड, साडेअकराच्या आत ला पेलचं गुराखी घर, दुपारी दीडपर्यंत ला फुली. उन्हाळ्यात आल्प्समध्ये ढग दुपारनंतर चढतात आणि गडगडाट तेव्हाच सुरू होतो, म्हणून उघड्या धारेवरून दुपारच्या बऱ्याच आधी खाली आलेलं बरं. तासाला तीनशे मीटर चढ हा आमच्या गटाचा वेग. वाटेवरच्या पाट्यांवर किलोमीटर नसतात, वेळ असते. त्या वेळेत विश्रांती धरलेली नसते, हे लक्षात घ्या. फोटो, पाणी, थांबे मिळून आम्ही त्यात पाव हिस्सा वाढवतो.

चढ

वाट निवाऱ्याच्या शेजारूनच गवताळ उतारावर वळणं घेत वर जाते. पहिल्या अर्ध्या तासात चढ सर्वांत उभा लागतो, आणि नाश्ता करून ताज्या पायांनी लोक नेमकं इथेच पळतात. बोलता बोलता चालता येईल इतकाच वेग ठेवा. डावीकडे प्रे दे बारची हिमनदी आणि वर मों डोलाँ (3820 मीटरच्या आसपास) दिसत राहतो. इटली, फ्रान्स आणि स्वित्झर्लंड या तिन्ही देशांच्या सीमा त्याच डोंगरावर मिळतात.

वाटेत कुंपणाच्या बारीक तारा येतात. त्यांत वीज असते. तारेला प्लास्टिकची मूठ असते, ती धरून उघडायची, मागचा माणूस आला की लावायची. खाली वाकून सॅकसकट तारेखालून जाऊ नका. गायींच्या कळपाला वळसा घालून जायचं, वासराला हात लावायचा नाही.

दीड लिटर पाणी निवाऱ्यातूनच भरून घ्या. वाटेतले झरे स्वच्छ दिसले तरी वर गुरं चरत असतात. नळावर ‘नॉन पोताबिले’ लिहिलं असेल तर ते पाणी पिण्याचं नाही.

जूनअखेरपर्यंत डोंगरातल्या घळींमध्ये बर्फाचे पट्टे उरलेले असू शकतात. सकाळी ते दगडासारखे कडक असतात आणि घसरलेला माणूस थांबत नाही. पट्टा ओलांडण्यासारखा आहे का, हे निवाऱ्याच्या व्यवस्थापकाला आम्ही आदल्या रात्री विचारतो. त्यांचा शब्द शेवटचा. या कारणाने आम्ही गट जुलैच्या पहिल्या आठवड्याआधी नेत नाही. ऑगस्टच्या शेवटच्या आठवड्यातही नाही: मों ब्लाँची मोठी धावण्याची शर्यत याच खिंडीवरून जाते आणि निवाऱ्यांत जागा मिळणं अवघड होतं.

माथा

उंचीमुळे निवाऱ्याच्या मानाने तापमान तीनेक अंशच उतरतं. खरा फरक वारा करतो. पाठीवरचा घाम पाच मिनिटांत गार पडतो आणि दात वाजायला लागतात. म्हणून खिंड डोक्यावर दिसू लागली की, माथ्याच्या पन्नासेक मीटर खाली आडोशाला थांबून वाऱ्याचं जाकीट, टोपी आणि हातमोजे चढवायचे. माथ्यावर पोहोचून सॅक उघडायला गेलात तर तोवर बोटं बधिर होतात आणि चेन लागत नाही. जाकीट सॅकच्या तळाशी नको, वरच्या कप्प्यात हवं.

खिंड रुंद आणि गोलाकार आहे. धुकं असेल तर इथेच चुकायला होतं, कारण पायांनी तुडवलेल्या वाटा चार दिशांना फुटतात. ला पेल आणि ला फुलीची पाटी वाचल्याशिवाय पाऊल टाकू नका. पुढे स्वित्झर्लंडमध्ये पांढरा-लाल-पांढरा पट्टा शोधत जायचं. पेती कोल फेरे नावाची वेगळी खिंड जवळच आहे, तिची वाट आपली नव्हे.

हवा निवळ असेल तर मागे वळून नीट बघा, ग्राँद जोरास डोंगराची भिंत पुन्हा इतक्या जवळून दिसणार नाही. इथे पडलेला पाऊस पायाखालीच वाटला जातो: इटलीकडचा पो नदीतून एड्रियाटिकला, पलीकडचा ऱ्होनमधून भूमध्य समुद्राला.

वीज चमकल्यापासून गडगडाट ऐकू येईपर्यंत सेकंद मोजा, तीनने भागा, तितके किलोमीटर अंतर. तीस सेकंदांच्या आत आवाज आला तर फोटो सोडून लगेच खाली. खाली जायला वेळच उरला नाही तर काठ्या बाजूला ठेवायच्या, एकमेकांत अंतर ठेवायचं, पाय जुळवून सॅकवर उकिडवं बसायचं, कातळाच्या कपारीत शिरायचं नाही. अकरापर्यंत खिंड गाठली नाही किंवा ढग काळवंडले तर गट मागे फिरतो. हा निर्णय गटप्रमुखाचा, आणि त्यावर तिथे चर्चा होत नाही. मागे फिरल्यास खाली दरीतल्या आर्नूवाहून बसने कुरमायर, तिथून मों ब्लाँ बोगद्याने शामोनी आणि रेल्वेने मार्तिन्यी: संध्याकाळपर्यंत ला फुलीला पोहोचता येतं. त्याचा खर्च आम्ही पॅकेजमध्ये धरलेला आहे.

उतार

माथ्यावरच बूट पुन्हा बांधा. नाड्या घोट्याच्या वाकापर्यंत सैल करायच्या, टाच जमिनीवर आपटून मागे बसवायची, मग वाकापाशी नाडीचा दुहेरी वेढा घालून घट्ट ओढायची आणि वरचे हूक बांधायचे. आता बुटाचं टोक दगडावर हलकेच आपटून बघा. बोटं पुढे टेकली तर अजून सैल आहे. हे न केल्यास हजार मीटरच्या उतारात अंगठ्याचं नख काळं पडतं, आणि प्रदक्षिणेचे पुढचे सगळे दिवस त्या नखाला सोसावे लागतात. नखं दोन दिवस आधीच कापलेली असावीत. काठ्या चढाला ठेवल्या असतील त्याहून पाच-सात सेंटिमीटर लांब करा.

स्विस बाजूची वाट काळसर, मऊ, पाटीच्या दगडासारख्या खडकाच्या मातीवरून जाते. कोरडी असली की सुखाची. पाऊस पडला की साबणासारखी. पावलं लहान, गुडघे किंचित वाकलेले, वजन मागे न टाकता पायांच्या बरोबर वर. मागे रेललं की टाच निसटते आणि माणूस बसतोच. वळणं तोडून सरळ खाली जायचा मोह आवरा, त्याने उताराची माती वाहून जाते आणि पाय मुरगळतो.

ला पेलला चहा, सूप मिळतं. इथून स्विस फ्रँकचा देश सुरू, थोडी रोकड जवळ असू द्या. फोनची युरोपीय योजना स्वित्झर्लंडला लागू आहेच असं नाही. खिंडीच्या आधी डेटा बंद करून खात्री करा. पुढे फेरे वाडी आणि मग सडकेने ला फुली. गुडघे फारच बोलू लागले तर फेरेपासून बसची वेळ बघता येते.

कागदपत्रं आणि विमा

पासपोर्ट अंगावर हवा, खिंडीवर चौकी नसली तरी. दोन्ही देश शेंगेनमध्ये आहेत, व्हिसा एकच चालतो. विम्यात ‘3000 मीटरपर्यंत पायी ट्रेकिंग’ आणि ‘हेलिकॉप्टरने शोध व सुटका’ ही दोन्ही वाक्यं लिखित असली पाहिजेत; स्वित्झर्लंडमध्ये सुटकेचा खर्च जखमी माणसाकडून वसूल होतो. पॉलिसीची प्रत आमच्याकडे आल्याशिवाय आम्ही जागा पक्की करत नाही.

मदतीसाठी दोन्ही बाजूंना 112. रेंज नसेल तर शिट्टी किंवा बॅटरी: मिनिटात सहा वेळा, मग एक मिनिट थांबून पुन्हा सहा. उत्तर मिनिटात तीन वेळा येतं. शिट्टी सॅकच्या छातीच्या पट्ट्यालाच बांधून ठेवा.