बुलबुलचा डोळा लख्ख, शेपूट धूसर

परसातल्या कढीपत्त्याची फळं पिकून काळी झाली की लालबुड्या बुलबुल हजर, आणि स्वयंपाकघराच्या खिडकीत ३०० एमएमची लेन्स घेऊन मी पण हजर. परवा चाळीसेक फोटो काढले, कॉम्प्युटरवर बघतो तर बऱ्याच फोटोंत मागचं पान न् पान सुरेख आणि बुलबुल धूसर. दोन-तीन जमले, त्यातही डोळा लख्ख पण शेपूट विरघळल्यासारखी.

गणित करून बघितलं. पक्षी ४ मीटरवर, अ‍ॅपर्चर (म्हणजे लेन्सचं उजेड आत घेणारं भोक) एफ ५.६, कॅमेरा माझा साधा एपीएस-सी, म्हणजे मध्यम आकाराच्या सेन्सरवाला, तर फोकसमध्ये येणारी जाडी जेमतेम ४ सेंटिमीटर! बुलबुल असतो २० सेंटिमीटरचा, म्हणजे तोंड आपल्याकडे करून बसला की चोच ते शेपूट मावणारच नाही, आडवा बसला तर मावतो. म्हणून सगळे सांगतात, फोकस डोळ्यावर धर, बाकीचं गेलं तरी चालतं. एफ ११ केलं, म्हणजे भोक लहान केलं, तर ८ सेंटिमीटर मिळतात पण उजेड येतो पावपट, मग शटर १/१००० सेकंदावरून १/२५० वर आणावं लागतं आणि बुलबुलची मान काही तेवढा वेळ स्थिर राहत नाही.

आता मागचा ब्लर, ही मला खरी गंमत वाटते. लेन्सचे ३०० एमएम भागिले एफचा ५.६ म्हणजे लेन्सचं भोक सुमारे ५४ मिलिमीटर. खूप लांबच्या प्रत्येक ठिपक्याचा फोटोत एक गोल होतो आणि पक्ष्याच्या मापाने तो गोल या भोकाएवढाच भरतो, म्हणजे पाव बुलबुल! शेजाऱ्यांची पाण्याची टाकी, दोरीवरचे कपडे, सगळ्याचा मऊ रंग होऊन जातो. मोबाईलचं भोक ३-४ मिलिमीटरचं, त्यात टाकी टाकीच दिसते (पोर्ट्रेट मोड बॅकग्राऊंड पुसतो खरा, पण अंदाजाने, त्यात फांदीची काडीही जाते कधीकधी).

आणि खिडकीचा गज? लेन्स त्याला अगदी टेकवली की तो इतका पसरतो की दिसतच नाही, फोटो जरासा फिका पडतो एवढंच. त्यामुळे बाहेर जाऊन पक्षी उडवायची गरज नाही. अडचण एकच, फोडणी तापली की आईला कढीपत्ता लागतो, आणि तो तिला नेमका त्याच फांदीचा हवा असतो.