मराठी फाइल उघडली आणि भलतंच दिसलं: फॉन्टच्या घोळाची पार्श्वभूमी

वीस वर्षांपूर्वी केलेली ग्राहकांची यादी नव्या लॅपटॉपवर उघडावी आणि 'मराठी' या शब्दाच्या जागी इंग्रजी ई, जे, के, मोठा बी आणि एच अशी पाच अक्षरं दिसावीत, हे छापखान्यांत, पतसंस्थांत आणि शाळांच्या कार्यालयांत आजही घडतं. पहिला संशय व्हायरसवर जातो. पण फाइल धडधाकट असते. मजकूर कृतिदेव फॉन्टातला असतो आणि फाइलमध्ये पहिल्या दिवसापासून ती पाच इंग्रजी अक्षरंच साठवलेली असतात. म, र, काना, ठ आणि दुसरी वेलांटी होती ती फॉन्टाच्या चित्रांत. फॉन्ट नसेल तर मराठीही नाही.

याचं मूळ संगणकाच्याही आधीचं आहे. देवनागरी टंकयंत्रावर जेमतेम नव्वदेक ठसे बसत. जोडाक्षरं धरून देवनागरीला त्याहून कितीतरी जास्त आकार लागतात. म्हणून अक्षरांचे तुकडे पाडले गेले: अर्धा ण आणि काना मिळून पूर्ण ण, अर्धा ख आणि काना मिळून पूर्ण ख. पहिली वेलांटी कागदावर अक्षराच्या डावीकडे येते, म्हणून ती आधी टंकायची. रफार अक्षराच्या डोक्यावर बसतो, म्हणून तो नंतर. कागदासाठी ही पद्धत चोख होती. रेमिंग्टन कळपाटावर बोटं बसलेल्या हजारो टंकलेखकांनी पुढे तीच सवय संगणकावर आणली आणि कृतिदेवसारखे फॉन्ट तिच्यावरच बेतले गेले.

आपल्याकडे योग्य उत्तर आधी सापडलं होतं. १९८३ मध्ये आयआयटी कानपूरला देवनागरी टर्मिनल तयार झालं. त्यातून मोहन तांबे आणि त्यांच्या सहकाऱ्यांचं जिस्ट तंत्रज्ञान उभं राहिलं आणि १९८८ मध्ये स्थापन झालेल्या पुण्याच्या सी-डॅक या सरकारी संगणक संशोधन संस्थेत ते वाढलं. जिस्टचं कार्ड संगणकात बसवलं की डॉसवरच्या, केवळ इंग्रजीसाठी लिहिलेल्या प्रोग्राममध्येही देवनागरी लिहिता येई. त्यामागचा विचार साधा होता: साठवायचं ते अक्षर, त्याचा आकार नव्हे. 'कि' लिहिताना आधी क, मग वेलांटी, म्हणजे आपण उच्चारतो त्याच क्रमाने. वेलांटी डावीकडे नेऊन काढायचं काम यंत्राचं. याच विचारावर इस्की ही संकेतप्रणाली आणि इनस्क्रिप्ट कळपाट आले. १९९१ मध्ये भारतीय मानक ब्युरोने आयएस १३१९४ या क्रमांकाने ते मानक म्हणून प्रसिद्ध केले.

मग गाडी रुळावरून उतरली कशी? विंडोज आली आणि तिच्यासोबत डीटीपी, म्हणजे संगणकावर छपाईची पानं जुळवणं आलं. विंडोज ९५ आणि ९८ ला देवनागरीची जुळणी करता येत नव्हती, पण फॉन्ट कोणताही चालत होता. एका फॉन्टात जास्तीत जास्त २५६ घरं. फॉन्ट बनवणाऱ्यांनी त्या घरांतली इंग्रजी अक्षरं आणि चिन्हं काढून तिथे देवनागरीचे तुकडे बसवले. लग्नपत्रिका, हँडबिल, साप्ताहिकाचं पान छापून निघालं की काम संपलं, आत काय साठवलंय याची कुणाला गरजच नव्हती. प्रत्येक कंपनीने घरांचा क्रम आपापला ठेवला. श्रीलिपी, आकृती, सी-डॅकचं आयएसएम, सगळ्यांचे क्रम वेगळे, आणि बऱ्याच ठिकाणी संगणकाच्या पोर्टला लावायचं हार्डवेअर लॉक. लॉक हरवलं की टायपिंग बंद. ज्या सी-डॅकने अक्षर साठवायचा विचार रुजवला, त्याच संस्थेचे डीव्हीबी-टीटी मालिकेतले फॉन्टही आकारच साठवत. बाजार तेच मागत होता.

जुना मजकूर कोणत्या फॉन्टातला हे तो उघडा पडला की ओळखता येतं. सगळी साधी इंग्रजी अक्षरं असतील आणि 'मराठी'च्या जागी वर सांगितलेली पाच दिसत असतील तर तो कृतिदेव. डोक्यावर दोन ठिपके असलेला इंग्रजी ओ जिकडेतिकडे विखुरला असेल तर डीव्हीबी-टीटी. तो ओ म्हणजे काना, आणि पूर्ण म, पूर्ण ण करायला तो लागतो म्हणून इतका दिसतो. या फॉन्टच्या नावातला बी द्वैभाषिक असल्याची खूण आहे. त्यात मधले इंग्रजी शब्द शाबूत राहतात. ओळीओळीत अंडरस्कोअर आणि लहान एम यांची गर्दी असेल तर बहुधा श्रीलिपी. ही ओळख महत्त्वाची, कारण एका फॉन्टचा कन्व्हर्टर, म्हणजे मजकूर बदलून देणारा प्रोग्राम, दुसऱ्याला चालवला तर कचऱ्यातून नवा कचरा तयार होतो.

आकार साठवल्याची किंमत डेटा वाढला तशी कळू लागली. एक्सेलमध्ये नावांची अकारविल्हे लावली तर ती इंग्रजी घरांच्या क्रमाने लागते. शोध लागत नाही. मोबाइलवर फाइल वाचता येत नाही. वर्डची आपोआप दुरुस्ती तर या मजकुराची वैरीणच आहे. कृतिदेवमध्ये एकेरी सरळ अवतरणचिन्ह हा अर्धा श आहे. वर्ड ते वळणदार करतं आणि श मोडतो. वाक्याचं पहिलं अक्षर वर्ड मोठं करतं आणि भलतंच अक्षर उमटतं. जुन्या फॉन्टात अजून काम करायचं असेल तर फाइल, ऑप्शन्स, प्रूफिंग, ऑटोकरेक्ट ऑप्शन्स इथे जाऊन या दोन्ही सोयी आधी बंद कराव्यात.

यावरचा उपाय युनिकोड, म्हणजे जगातल्या लिप्यांच्या प्रत्येक अक्षराला स्वतंत्र क्रमांक देणारं मानक. त्याची पहिली आवृत्ती ऑक्टोबर १९९१ मध्ये आली. तिच्यातली देवनागरी १९८८ च्या इस्कीवरूनच घेतलेली होती. क चा क्रमांक ०९१५, ळ चा ०९३३, आणि तो जगातल्या प्रत्येक संगणकावर तोच. पण क्रमांक असून भागत नाही. जोडाक्षर जुळवणारं इंजिन आणि त्याला साथ देणारा फॉन्ट लागतो. विंडोजमध्ये हे दोन्ही विंडोज २००० पासून आलं, मंगल फॉन्टसह. २००१ च्या एक्सपीमध्ये सोय होती, पण झाकून ठेवलेली: कंट्रोल पॅनेलमधल्या रीजनल अँड लँग्वेज ऑप्शन्समध्ये कॉम्प्लेक्स स्क्रिप्टची खूण करायची, मूळ सीडी घालायची, संगणक रीस्टार्ट करायचा. सीडी नसलेल्यांचं काम तिथेच अडे. व्हिस्टापासून ही पायरी गेली. तोवर महाराष्ट्रातल्या छापखान्यांत जुन्या फॉन्टांचा दहा-पंधरा वर्षांचा मजकूर साचला होता. १ मे २००३ रोजी सुरू झालेला मराठी विकिपीडिया मात्र युनिकोडमध्येच वाढला.

मराठीची म्हणून दोन दुखणी युनिकोडमध्येही राहिली. पहिलं 'दुसऱ्या'मधल्या ऱ्य चं. साधा र, हलन्त, य असं लिहिलं की 'सूर्य'सारखा रफार होतो आणि 'दुसर्या' उमटतं. ही चूक दुकानांच्या पाट्यांपासून बातम्यांपर्यंत पसरली आहे आणि डोळ्यांना खुपते. त्यासाठी नुक्ता, म्हणजे खाली टिंब असलेला वेगळा ऱ लागतो, क्रमांक ०९३१. इनस्क्रिप्टवर शिफ्टसह जे, मग डी, मग तिरकी रेघ, मग ई, एवढ्या कळांत 'ऱ्या' तयार. तऱ्हा, वाऱ्यावर, कोऱ्या या सगळ्यांना हाच ऱ.

दुसरं दुखणं ॲ चं. 'ॲप', 'ॲसिड' यांतलं हे अक्षर युनिकोडमध्ये २००८ च्या ५.१ आवृत्तीत आलं, क्रमांक ०९७२. त्याआधी लोक अ वर चंद्र देत, किंवा हिंदीतला ऍ वापरत. दिसायला ॲ आणि अ+चंद्र ही रूपं सारखी, पण संगणकाला ती वेगळी. मालाच्या यादीत निम्म्या नोंदी एका रूपात आणि निम्म्या दुसऱ्यात असतील तर शोध अर्धाच माल दाखवतो आणि साठ्याचा हिशोब चुकतो. कंट्रोल आणि एच दाबून अ+चंद्र आणि ऍ ही दोन्ही रूपं ॲ ने बदलून घ्यावीत.

टाइप कसं करायचं याचं आजचं उत्तर सोपं आहे. विंडोज १० च्या मे २०१९ च्या अपडेटपासून मराठी फोनेटिक कळपाट, म्हणजे उच्चाराप्रमाणे इंग्रजी अक्षरांत टाइप करायचा, विंडोजमध्येच मिळतो: सेटिंग्ज, टाइम अँड लँग्वेज, लँग्वेज, तिथे मराठी जोडून तिच्या पर्यायांत कीबोर्ड निवडायचा. भाषा बदलायला विंडोजची कळ आणि स्पेसबार. रोज पानंच्या पानं लिहायची असतील तर इनस्क्रिप्टच शिकावा. स्वर डाव्या हाताला, बहुतेक व्यंजनं उजव्या हाताला, क आणि ख एकाच कळेवर, त आणि थ एकाच कळेवर. फोनेटिकमध्ये यंत्र शब्द सुचवतं आणि आडनावांना हमखास चुकतं. इनस्क्रिप्टमध्ये दाबलं तेच येतं.

मुख्य काम उरतं जुना मजकूर बदलून घेण्याचं, आणि ज्यांच्याकडे तो पडून आहे त्यांनी जुना संगणक चालू आहे तोवर ते उरकावं. मूळ फाइलची प्रत बाजूला ठेवायची. मग एकच पान घ्यायचं, ज्यात श्री, कृष्ण, ज्ञान, हृदय, ट्रक, कीर्ती, शक्ति आणि दुसऱ्या असे शब्द असतील. ते बदलून डोळ्यांनी तपासायचं. चुका होतात त्या ठरावीक जागी. जुन्या मजकुरात वेलांटी आधी आणि रफार नंतर, युनिकोडमध्ये नेमकं उलट, त्यामुळे कन्व्हर्टरला ही दोन चिन्हं उचलून दुसरीकडे ठेवावी लागतात. 'कीर्ती'सारख्या शब्दात तो अडखळतो. दुसरी जागा मधल्या इंग्रजी शब्दांची. कृतिदेवच्या कन्व्हर्टरला जीएसटी क्रमांकातली इंग्रजी अक्षरंही मराठीच वाटतात. वर्डमध्ये होम टॅबवरच्या सिलेक्टमधून सारख्या फॉरमॅटिंगचा मजकूर एकत्र निवडता येतो. फक्त मराठी फॉन्टातला भाग निवडून तेवढाच बदलावा. आकडे शेवटी वेगळे तपासावेत. काही फॉन्टांत इंग्रजी आकड्याच्या घरात मराठी आकडा असतो, काहींत नसतो, आणि खातेवहीत एक आकडा हलला तरी भांडण होतं.

बिघाड काय आहे हे समोर दिसणारी खूणच सांगते. रिकामे चौकोन दिसले तर फॉन्ट नाही, मजकूर सुरक्षित आहे. नोटो सान्स देवनागरी किंवा मुक्त टाकला की झालं. मंगल हवाच असेल तर विंडोज १० मध्ये तो ऑप्शनल फीचर्समधून देवनागरी सप्लिमेंटल फॉन्ट्स या नावाने घ्यावा लागतो. तुटक रेघेचं वर्तुळ आणि त्याला चिकटलेली मात्रा दिसली तर मात्रा अक्षराच्या आधी टाइप झाली आहे. डोक्यावर तिरकी रेघ असलेला इंग्रजी ए आणि मागे ¤ असं पुन्हा पुन्हा येत असेल तर फाइल यूटीएफ-८ मध्ये, म्हणजे युनिकोड साठवायच्या नेहमीच्या संकेतात आहे आणि ती चुकीच्या संकेताने उघडली आहे. अशा वेळी सेव्ह दाबू नये. एक्सेलमध्ये डेटा टॅबवरून फ्रॉम टेक्स्ट/सीएसव्ही घ्यावं आणि फाइल ओरिजिनमध्ये ६५००१ निवडावं. आणि नुसती प्रश्नचिन्हं दिसली तर मजकूर गेला. साध्या सीएसव्हीत, म्हणजे स्वल्पविरामांनी रकाने पाडलेल्या मजकूर फाइलमध्ये, किंवा नोटपॅडच्या जुन्या अन्सी संकेतात सेव्ह केल्यावर असं होतं, आणि त्या फाइलमधून तो परत येत नाही. मूळ प्रत शोधावी लागते. एक्सेलमधून बाहेर काढताना दर वेळी 'सीएसव्ही यूटीएफ-८' हाच पर्याय घ्यावा. नोटपॅडने यूटीएफ-८ हा आपला नेहमीचा संकेत केला तोही विंडोज १० च्या त्याच २०१९ च्या अपडेटमध्ये, त्यामुळे त्याआधीच्या संगणकावर सेव्ह करताना खालचा एन्कोडिंगचा चौकोन बघावा.

डीटीपीवाल्यांची अडचण खरी आहे. पेजमेकरची शेवटची ७ वी आवृत्ती २००१ ची, तिच्यात युनिकोड देवनागरी चालत नाही. इनडिझाइनमध्ये चालते, पण पॅराग्राफ पॅनेलच्या मेनूतून अडोबी वर्ल्ड-रेडी पॅराग्राफ कंपोझर निवडल्यावरच. नाहीतर वेलांट्या उजवीकडे पडतात आणि हलन्त उघडे दिसतात. बऱ्याच जणांनी युनिकोड 'मोडकं' म्हणून सोडून दिलं ते या एका पर्यायामुळे. मराठी वळणाचे ल आणि श हवे असतील तर टिरो देवनागरी मराठी हा फॉन्ट मोफत मिळतो. पीडीएफमध्ये अक्षरांची चित्रं असतात, त्यामुळे तिच्यातून कॉपी केलेली मराठी बहुधा तुटते. गिऱ्हाइकाला पीडीएफ द्यावी, पण मूळ वर्ड फाइल स्वतःकडे जपावी.

दुकानातल्या बिलाच्या छोट्या थर्मल प्रिंटरवर हाच इतिहास पुन्हा भेटतो. त्याच्या स्मृतीत देवनागरीचे ठसे बहुधा नसतात. बिलिंगचा प्रोग्राम त्याला नुसती अक्षरं पाठवत असेल तर चिन्हांचा कचरा छापून येतो. विंडोजच्या ड्रायव्हरमधून, म्हणजे चित्र म्हणून पाठवलं की मराठी नीट छापली जाते, थोडी सावकाश. एसएमएसचा हिशोबही वेगळा: इंग्रजी संदेशात १६० अक्षरं, मराठीत ७०, आणि त्यात मात्रा व हलन्त सुटे मोजले जातात. 'मराठी' म्हणजे ५, 'श्री' म्हणजे ४. संदेश ७० च्या पुढे गेला की प्रत्येक तुकड्यात ६७ च मावतात, त्यामुळे ७१ अक्षरांच्या दिवाळीच्या शुभेच्छांना दोन संदेशांचे पैसे पडतात.